टायच्या कापडाचा कर्णा

"बाई, तुम्ही रोज सकाळी भोंग्यातून नेमकं काय सांगता?"

हा प्रश्न सगळ्या शाळेसमोर विचारून दाखव, अशी पैज लवंगीने लावली तेव्हा ती अगदी निर्धास्त होती. कारण ज्या मैत्रिणीशी तिने पैज लावली होती तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसे. शाळेत तिचं नावच कुजबूज पडलं होतं. हजेरीला ती "हजर" म्हणायची आणि गैरहजर लागायची. दुकानात तिच्या मागून आलेली माणसं सामान घेऊन घरी जायची, काहीतरी राहिलं म्हणून परत यायची, तेही घेऊन जायची, तरी ती आपली "एक खोडरबर द्या" याच वाक्यावर असायची. आजवर भेटलेल्या प्रत्येक माणसाने तिला काही सांगितलं असेल तर ते एवढंच, की मोठ्याने बोल.

पण यंदा तिच्यात काहीतरी फिरलं होतं. उंची वाढली, बूट लहान झाले आणि त्याच सुमारास हिंमतही एक माप पुढे गेली. पहिल्या दोन गोष्टी आईच्या लक्षात आल्या. तिसरी कुणाच्याच आली नाही.

त्यामुळे त्या सकाळी मैदानावर सगळ्या इयत्ता रांगेत उभ्या असताना, मुख्याध्यापिकाबाईंचं बोलणं संपून भोंगा गप्प झाला त्याच क्षणाला कुजबुजीने तोंड उघडलं, आणि तो प्रश्न जो काही खणखणीत बाहेर पडला, तो थेट फाटकापाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यापर्यंत गेला. त्याने मान डोलावली. त्यालाही बरीच वर्षं हेच विचारायचं होतं.

उत्तर द्यायला बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. ते बरोबरच होतं. भोंग्यातून दिलं असतं तर ते उत्तरही कळलं नसतं.

बाई आधी रागावल्या, मग दुखावल्या, आणि मग त्यांना उत्सुकता आवरेना. आज तुला काय ऐकू आलं ते जसंच्या तसं सांग, म्हणाल्या. कुजबुजीने आठवून सांगितलं, की आधी हव्वा-फव्वा-भव्वा असं काहीतरी, मग बराच वेळ कुणीतरी सतरंजी झटकतंय असं, मग एक शिट्टी, आणि मग टाळ्या.

"टाळ्या कशाबद्दल वाजवता?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही थांबता त्याबद्दल."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर मुलं खेळत होती. त्यांच्या गळ्यात टाय होते. बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "टायचं सांगितलेलंसुद्धा तुम्ही ऐकलं नाहीत?"

टायचं असं होतं, की बाईंनी टाय दोन वर्षांपूर्वीच बंद केला होता. भोंग्यातून, रीतसर, कारणांसहित. त्यानंतरही सगळी शाळा टाय लावून येत राहिली तेव्हा बाईंना वाटलं, मुलांना तो आवडतोय. मनातल्या मनात त्या मुलांचं कौतुक करत होत्या. आता वार्षिक समारंभात पालकांसमोर एकदाच स्पष्ट सांगते, तोवर कुणाकडे बोलू नकोस, असं त्यांनी कुजबुजीला बजावलं.

कुजबुजीने आपल्या टायची गाठ मुठीत धरली. कारण शाळेचे सगळे टाय तिची आई शिवायची.

नुसते शिवायची नव्हे. वस्तीत आईची ओळखच टायवाल्या बाई अशी होती. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, यंत्राभोवती निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या कापडाचे गठ्ठे, आणि मधल्या जागेत उरलेलं कुटुंब. रस्त्याने चाललेल्या एखाद्या अनोळखी पोराची टायची गाठ वाकडी दिसली तर आई त्याला थांबवून सरळ करायची. पोरं ओरडायचीही नाहीत, कारण आईचे हात टायला लागले की डॉक्टरचे हात नाडीला लागल्यासारखे वाटायचे.

हे सगळं तिच्या डोक्यात घोंगावत असतानाच बाई म्हणाल्या, की भोंगेवाला शपथेवर सांगतो भोंग्यात काही बिघाड नाही. आता प्रश्न तू विचारलास, तर उपायही तूच सुचव. आणि कुजबुजीची नवी हिंमत डोक्याला न विचारताच बोलून गेली, "नीट ऐकू येणारे भोंगे आमच्या घरी बनवतात."

तिच्या घरी असं काहीही बनवत नव्हते. पण दुपारपर्यंत ही बातमी शाळाभर झाली आणि लवंगीने जाहीर करून टाकलं, की समारंभाला कुजबुजीचं यंत्र बोलेल, आणि नाही बोललं तर तिचं नाव जन्मभर बदलायला नको. म्हणजे पेच असा पडला, की यंत्र बोललं तर आईचे टाय संपले, आणि नाही बोललं तर ती कायमची कुजबूज. अशा वेळी शहाणी माणसं आजारी पडतात. कुजबूज रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेली.

हा दुरुस्तीवाला रेडिओ दुरुस्त करण्यापेक्षा माणसं दुरुस्त करण्यात जास्त वेळ घालवायचा. त्याच्या मते जगाचा ऱ्हास ट्रान्झिस्टर आला त्या दिवशी सुरू झाला. कुटुंबं मोडली, फळांची चव गेली, जावई उद्धट झाले, सगळ्याच्या मुळाशी ट्रान्झिस्टर. आवाज हा गरम असावा लागतो, आणि तो फक्त जुन्या रेडिओतल्या, दिव्यासारख्या उजळणाऱ्या व्हॉल्वमध्ये गरम होतो, असं तो म्हणाला. मग त्याने वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेले काचेचे व्हॉल्व अंडी काढावीत तसे एकेक करून खाली काढले, ट्रान्सफॉर्मर दिले, कर्ण्याच्या बुडाशी बसवायचं, आवाज काढणारं युनिट दिलं, कागदावर तारांच्या जोडणीचा नकाशा काढून दिला आणि म्हणाला, "दोन वॉट होतील."

कुजबुजीला वाटलं, हा आपली टिंगल करतोय. तिच्या अभ्यासाच्या दिव्याला याहून जास्त वॉट होते.

"दोनच वॉट. पण तोंड मोठं पाहिजे," दुरुस्तीवाल्याने तोंडाभोवती हातांची ओंजळ धरून तिला हाक मारून दाखवली. "ओरडायचं कर्ण्याने. आपण फक्त सांगायचं."

हे वाक्य तिला इतकं आवडलं की घरी येईपर्यंत तिने ते वाटेतल्या दोन मांजरांनाही ऐकवलं.

बाबांना मात्र यातलं काहीच आवडलं नाही. बाबा विमा कंपनीत होते, आणि तिथेही आगीच्या दाव्यांच्या विभागात. त्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते: जळालेल्या आणि अजून न जळालेल्या. इस्त्री थंड झाली तरी ते तिच्यावर पाळत ठेवायचे. कुजबुजीने टेबलावर केक भाजायचा पत्र्याचा डबा उलटा घालून त्यात व्हॉल्वसाठी भोकं पाडली, तारा जोडायची सोल्डरिंगची कांडी तापवली आणि राळेचा पहिला धूर निघाला, तेव्हा बाबा वाळूची बादली घेऊन खुर्ची ओढून शेजारी बसले, ते समारंभाच्या दिवसापर्यंत.

"हे पेटतं, तापतं, आणि वरून उघडं आहे," तांबूस उजळलेल्या व्हॉल्वकडे पाहत ते म्हणाले. "अशा वस्तूला आम्ही ऑफिसात वस्तू म्हणत नाही. कारण म्हणतो."

तरीही, हे सांगायलाच हवं, की तारा कुठे उघड्या राहिल्यात ते सगळ्यात आधी त्यांनाच दिसायचं. वीज काढल्यावरही आत झटका शिल्लक असतो, हात लावायच्या आधी थांब, हे ते दर वेळी सांगायचे आणि दर वेळी ती थांबायची. कित्येक वर्षांच्या आगी ज्या माणसाच्या फायलींतून गेल्या आहेत त्याचं ऐकलेलं बरं.

कर्ण्याचं तोंड मोठं म्हणजे किती मोठं, हा प्रश्न आईने एका दुपारी सोडवला. पुठ्ठ्याचे कर्णे दोनदा करून झाले होते आणि दोन्ही वेळा ते बसल्या जागी मान टाकून आडवे झाले होते. आईने शिवणयंत्र थांबवलं, पडलेल्या कर्ण्याकडे एखाद्या दुसऱ्या शिंप्याच्या कामाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि विचारलं की याला घेर केवढा हवा. मग तिने टायच्या कापडाच्या कळ्या, म्हणजे एका टोकाला निमुळते होत जाणारे तुकडे, कापल्या. टायचं कापड तिरकं कापतात, म्हणून ते गळ्याशी वळतं आणि तरी लोंबत नाही. त्याच कापाने तिने कळीला कळी जोडली, वेताच्या कड्यांवर ताणली, थरावर थर देऊन खळ चोपडली, आणि वाळल्यावर त्यावर टिचकी मारली. टणक आवाज आला. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, जेवणाच्या टेबलाएवढ्या तोंडाचा एक कर्णा पुढच्या खोलीत उभा राहिला. शाळेने स्वतःच जांभई दिली तर ती अशी दिसेल.

"बाईंना म्हणावं, पुढच्या वर्षीही हाच रंग ठेवा," शिलाईवरून बोट फिरवत आई म्हणाली. "खळ छान धरतो."

कुजबुजीने हो म्हटलं. ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

यंत्र पहिल्यांदा लावलं तेव्हा ते बोललं नाही. ते गुणगुणलं. एकसुरी, जाड, अखंड "हंऽऽऽ". बाबांना वाटलं फ्रीज. आईला वाटलं बाबा. शेजारी एकेक करून सल्ले घेऊन आले. कुणी म्हणालं दिशा चुकली, कर्णा खिडकीकडे करा. कुणी म्हणालं पत्र्याच्या डब्यात केकचा अंश राहिला असेल. एकाने कुणालाही न विचारता यंत्राला चापट मारली आणि कर्ण्यातून ती चापट इतकी मोठी होऊन परत आली की तो माफी मागून गेला. कर्णा खिडकीकडे वळवला गेला खरा, कारण दुसरीकडे कुठे तो मावतच नव्हता. त्यामुळे गुणगुण आता गल्लीभर झाली.

गंमत म्हणजे वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंची यावर मुळीच तक्रार नव्हती. त्या खाली येऊन म्हणाल्या, की हा सूर पांढरी पाच आहे, अगदी नेमका, आणि त्यांच्या विद्यार्थिनी या आठवड्यात प्रथमच सुरात गायल्या. तेव्हा कृपा करून हे दुरुस्त करू नका.

पण करणं भाग होतं. कुजबुजीने तीन संध्याकाळी दुरुस्तीवाल्याच्या नकाशाकडे पाहत घालवल्या. चौथ्या संध्याकाळी ती विचार करता करता आपली वेणी सोडून पुन्हा घालत होती, आणि हात मध्येच थांबले. व्हॉल्व तापवणाऱ्या दोन तारा तिने नीटनेटक्या, एकीपासून दूर दुसरी अशा ओढल्या होत्या. नकाशात मात्र त्या एकमेकींना पीळ घालून दाखवल्या होत्या, आणि तिला वाटलं होतं दुरुस्तीवाल्याचा हात थरथरलाय. तिने वीज काढली, बाबांचं थांबायचं थांबून झालं, मग त्या दोन तारांना घट्ट पीळ घातला. पुन्हा लावलं. गुणगुण गेली. खोलीत इतकी शांतता झाली की कर्ण्यामागे ठेवलेल्या मायक्रोफोनमधून आईच्या बांगड्यांचा आवाज गल्लीत ऐकू आला. त्याच वेळी वरच्या मजल्यावर एक सबंध वर्ग बेसूर झाला आणि गाण्याच्या बाई रागाने जिना उतरू लागल्या.

आता राहिली परवानगी. मैदानावर यंत्र लावायचं तर परवानगीचा कागद आणा, असं शाळेने कळवलं. म्हणून बाबा अर्धी रजा टाकून तिला घेऊन कचेरीत गेले.

खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "किती वॉट?"

"दोन," कुजबूज म्हणाली.

"दोन हजार."

"नाही. दोन."

कारकुनाने मान वर केली. पेन खाली ठेवलं. मग तो उठून आत गेला आणि आपल्या सहकाऱ्याला घेऊन आला, मग दोघं जाऊन साहेबांना घेऊन आले. तिघांनी मिळून तिला नीट न्याहाळलं. अडचण अशी, साहेबांनी समजावलं, की या कचेरीचं काम मोठा आवाज कमी करायला लावण्याचं आहे. तुमचा मुळात कमीच आहे. तेव्हा परवानगी द्यायची तरी कशाची? आणि परवानगीशिवाय वाजवता तर येणार नाही. शंभराच्या खाली नियमच नाही. थोडे वॉट वाढवून आणता आले तर बघा.

बाबा शांत माणूस. पण दावे नाकारण्याच्या साऱ्या युक्त्या ते स्वतः रोज वापरत असल्यामुळे समोरच्याने वापरलेल्या त्यांना लगेच ओळखू आल्या. आपल्या मुलीचा दावा आहे म्हटल्यावर ते खिडकीला असे काही चिकटले की जेवणाची सुट्टी झाली तरी हलेनात. शेवटी कचेरीने वाट काढली. परवानगीऐवजी एक दाखला दिला. त्यावर सहीशिक्क्यानिशी लिहिलं होतं: सदर यंत्र आवाज करण्यास असमर्थ आहे.

परत येताना कुजबुजीने तो दाखला पुन्हा पुन्हा वाचला. आयुष्यभर लोक तोंडी म्हणत होते ते आता लेखी मिळालं होतं, एवढाच फरक.

समारंभाच्या दिवशी कर्णा शाळेत न्यायला गाडी मिळाली, पण कर्णा गाडीत मावेना. तेव्हा तो चालत निघाला. तोंडाकडून बाबांनी उचलला, त्यामुळे बाबा कमरेपर्यंत त्यातच गेले आणि त्यांना फक्त स्वतःचे बूट दिसत होते. मध्ये आधार द्यायला आई. मागे, चिंचोळ्या टोकाशी कुजबूज. व्हॉल्वचा पत्र्याचा डबा तिच्या पाठीवरच्या दप्तरात. युनिट काढून ठेवलं होतं, त्यामुळे टोकाला नुसतं भोक होतं, आणि चौकात ती त्या भोकापाशी तोंड नेऊन साधेपणाने म्हणाली, "बाबा, डावीकडे."

सगळा चौक डावीकडे वळला. बाबा वळलेच, पण त्यांच्यासोबत समोरून येणारी बस, दोन सायकली, आणि जिला उजवीकडे जायचं होतं अशी एक म्हातारी बाईसुद्धा वळली. आत बाबांनी हातांनी कान झाकले, म्हणून कर्णा जमिनीला टेकला, म्हणून रहदारी थांबली. वाहतूक पोलीस आला. त्याने विचारलं, परवानगी आहे का. बाबांनी कर्ण्यातूनच हात बाहेर काढून त्याला तो दाखला दिला. पोलिसाने तो वाचला, कानात घुमणारं अजून थांबलेलं नसल्यामुळे पुन्हा वाचला, आणि सलाम ठोकून वाट मोकळी करून दिली.

मैदान भरलं होतं. मुलं टाय लावून, पालक पंखे हलवत. आई पहिल्या रांगेत बसली, मांडीवर नव्या टायची पिशवी, कारण समारंभात कुणाचा ना कुणाचा टाय ऐन वेळी हरवतोच. कुजबूज मंचाच्या कडेला यंत्रापाशी, बाबा बादलीपाशी. लवंगी आणि मंडळी तिसऱ्या रांगेत हसायच्या तयारीने बसली होती.

कुजबुजीने बटण दाबलं. व्हॉल्व तापायला थोडा वेळ घेतात. मंचावरच्यांना हे माहीत नव्हतं. काहीच होत नाहीसं पाहून शाळेतलं सगळं मैदान सवयीने टाळ्या वाजवायच्या बेतात होतं. मुख्याध्यापिकाबाईंनीही यंत्र बंदच आहे असं समजून शेजारी बसलेल्या कवायतीच्या सरांकडे झुकून हळूच म्हटलं, आणि नेमके तेव्हाच व्हॉल्व तापले:

"सर, तुमचा सदरा उलटा आहे."

ते सबंध मैदानाने ऐकलं. इतकं स्वच्छ, की प्रत्येकाला वाटलं बाई आपल्याच खांद्यामागे उभ्या आहेत. कित्येकांनी मागे वळून पाहिलं, कित्येकांनी आपापला सदरा तपासला. सर उठून मंचामागे गेले. तिसऱ्या रांगेत लवंगी हसायचं विसरून कर्ण्याकडे बघायला उभी राहिली. कुजबूज त्या क्षणी इतकी खूश झाली की दाखला, टाय, सगळं विसरली.

बाई दचकल्या, सावरल्या, आणि आपल्याला पहिल्यांदाच ऐकलं जातंय हे उमगल्यावर त्यांना भरून आलं. साचलेलं सगळं त्या सांगत सुटल्या. सुट्टीच्या दिवसाचा गृहपाठ त्यांनी कधीच बंद केला होता. शिक्षकांनी घंटेच्या आधी यायचं ठरलं होतं. पालकांना कुठल्याही दुपारी येऊन काहीही विचारायची मुभा होती. एकेका वाक्यासरशी मैदानाचा एकेक भाग ताठ होत गेला. आणि मग बाईंचा आवाज जरा खाली आला. "आता," त्या म्हणाल्या, "गळ्यातल्या एका गोष्टीबद्दल."

कुजबुजीचा हात आवाजाच्या बटणावर गेला. थोडंसं डावीकडे फिरवलं की काम झालं असतं. हव्वा-फव्वा, टाळ्या, आणि सगळे आपापल्या घरी. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. आई बाईंकडे पाहतच नव्हती. ती पाहत होती आपल्या कर्ण्याकडे, पट्ट्यांकडे, कुठे सुरकुती येतेय का तिकडे, आणि तिचा चेहरा असा उजळला होता जसा कुठल्याही टायने आजवर उजळला नव्हता. बाईंचा आवाज उतरलेला तिला खपला नाही. तिने कुजबुजीकडे बघून तळहात वर केला. वाढव.

कुजबुजीने वाढवला.

"टाय," कर्णा म्हणाला, "या शाळेत दोन वर्षांपूर्वी बंद झाला आहे."

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणतात. काही मुलांनी तिथल्या तिथे टाय उडवले, काही पालकांनी ते झेलले, कुणी दोन वर्षं गळा आवळल्याची भरपाई मागत होतं, तर शिक्षक घड्याळाकडे बघत एकमेकांना विचारत होते की घंटेच्या आधी म्हणजे किती आधी. या सगळ्यात आई उठली, मांडीवरची पिशवी खुर्चीवर ठेवली, कर्ण्यापाशी आली आणि त्याच्या सगळ्या शिलाईवरून एकदा हात फिरवला.

"शिवण मात्र कुठे उसवली नाही," ती म्हणाली. मायक्रोफोन जवळच होता, त्यामुळे हेही सगळ्यांनी ऐकलं. पण कुणाला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीबाहेर रांगा लागल्या. पालक खरंच दुपारी येऊन खरंच काहीही विचारू लागले. शिक्षकांचं शिष्टमंडळ म्हणालं, की यंत्र उत्तम आहे, म्हणूनच नको. कवायतीच्या सरांनी वेगळं निवेदन दिलं. पालकांचंही म्हणणं पडलं, की गृहपाठ नसलेली पोरं सुट्टीत घर डोक्यावर घेतात. शेवटी खुद्द बाईच म्हणाल्या, की लोकांना नीट ऐकू आलं की ते प्रश्न विचारतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. जुना भोंगा पुन्हा चढला. समारंभात जे ऐकलं ते समारंभापुरतं, असं सगळ्यांनी न बोलता धरून चाललं. सोमवारी सगळी शाळा टाय लावून हजर. आईला निरोप आला: काम चालू ठेवावे.

कर्णा घरी परत आला आणि खिडकीला तोंड लावून बसला. लवंगीने तिचं नवं नाव ठेवलं, कर्णा, पण ते टिकलं नाही. भोंग्याखाली उभं राहिलं की सगळ्यांचीच कुजबूज होते.

आई शिवणयंत्रावर बसायची, पण पाय सावकाश चालायचा. एका संध्याकाळी कुजबूज खोलीत कर्ण्याचं यंत्र तपासत होती. एक व्हॉल्व वाटेत हादरला होता, तो बदलून तिने बटण दाबलं आणि वाट पाहत बसली. आईने तयार झालेला पहिला टाय उचलला, माप बघायला तिला जवळ बोलावलं आणि गळ्यात घालून गाठ बांधायला लागली. बाबा बादलीशेजारी वर्तमानपत्र वाचत होते. टायचं टोक मायक्रोफोनला लागत होतं.

कुजबुजीने आईचा हात धरला. हे काही मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. ती तिच्या जुन्या आवाजात, दुसऱ्या बाकापर्यंतही न पोचणाऱ्या, म्हणाली, "आई. बाबा. मी उद्यापासून टाय लावणार नाही."

व्हॉल्व तापले होते. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना कळलं, की ती उद्यापासून टाय लावणार नाही. वरच्या मजल्यावरचं गाणं थांबलं. समोरच्या खिडक्यांत एकेक डोकं आलं.

आईचे हात गाठीवरच राहिले. का, एवढंच तिने विचारलं.

"बाईंनी सांगितलं ते मी ऐकलंय," कुजबूज म्हणाली. "सगळे ऐकलं नाही असं करतायत. मला नाही जमत. आई, तू आवाज वाढव म्हणून खूण केलीस आणि मी वाढवला, आता तो कमी कसा करू?" हेही गल्लीने ऐकलं.

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, खिडकीकडे पाहिलं, आणि या पोरीला आजवर कुणीही कधीही न सांगितलेली गोष्ट सांगितली. "हळू बोल."

कुजबूज त्यांच्याकडे बघत राहिली. मग कर्ण्याकडे. मग तिला हसू फुटलं आणि तेही खिडकीतून बाहेर गेलं.

"मग या गठ्ठ्यांचं काय करायचं?" आईने विचारलं. ती रागावली नव्हती. विचारताना तिची नजर गठ्ठ्यांवर नव्हती, कर्ण्याच्या घेरावर होती, आणि बोटांनी ती हवेतच एक कळी मापत होती.

कुजबुजीने गळ्यातला टाय काढला, घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवला, आणि मायक्रोफोन बंद करायचं सोडून जवळ ओढला.

"एका कर्ण्यातून ऐकलेलं लोक विसरतात," ती आई-बाबांना आणि ओघाने सगळ्या वस्तीला म्हणाली. "आपण दुसरा करणार आहोत. दोन्ही कानांनी ऐकलेलं कसे विसरतात ते बघू. बाबा, आणखी एक बादली लागेल."